इंग्रजी ‘इफ्’ आणि आपलें ‘जर-तर’

चार वर्षांपूर्वींची दिवाळी आम्ही शिरूर अनंतपाळ येथील आमच्या वडिलोपार्जित घरीं साजरी केली. शिरूर नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत इतकीं आहेत कीं, नुसतें ‘शिरूर’ म्हटलें असतां कोणी घोडनदीचें समजतो, कोणी बीडकडील कासारांचें, तर कोणी अहमदपुराजवळचें ताजबंद; म्हणून लातूर जिल्ह्यांतील या आमच्या गांवास ‘अनंतपाळ’ हें नांव कायमचें जोडलेलें आहे. सणाला चारहि भाऊ, त्यांचीं मुलेंबाळें आणि माहेरवाशिणी मिळून पंचवीस-तीस पानें उठत होतीं. अशा गर्दींत पाडव्याच्या दुपारीं आमचा मधला पुतण्या हातांत मोबाइल घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, “काका, एवढें एक वाक्य बघून देतां का?”

प्रकरण असें होतें. दूरच्या एका प्रांतांतील शिक्षणसंस्थेंत त्याला पुढील अभ्यासासाठीं जागा मिळाली होती. शिष्यवृत्तीचा निर्णय मात्र अद्याप व्हावयाचा होता. संस्थेनें विचारलें होतें कीं, आपण येणार किंवा कसें तें कळवावें. मुलाच्या मनांत उत्तर स्पष्ट होतें : शिष्यवृत्ति मिळाली तर मी येईन. त्यानें इंग्रजींत लिहिलें होतें : ‘इफ् आय गॉट द स्कॉलरशिप, आय विल जॉइन.’ आम्ही पडलों जुन्या वळणाचे शिकलेले. ‘गॉट’ हा भूतकाळ आणि ‘विल’ हा भविष्यकाळ, हे दोन एका दावणीला कसे, असें आमच्या मनानें घेतलें. मुख्य वाक्यांत भूतकाळ तर पोटवाक्यांतहि भूतकाळ, हा लहानपणीं पाठ केलेला नियम भलत्याच ठिकाणीं आठवून आम्हीं मोठ्या अधिकारानें ‘विल’ खोडून ‘वुड’ घातलें. ‘इफ् आय गॉट द स्कॉलरशिप, आय वुड जॉइन.’ वाक्य ऐकावयास गोंडस झालें. मुलानें तें तसेंच धाडलें.

आठ दिवसांनीं उत्तर आलें. त्यांत फार सौजन्यानें असें लिहिलें होतें कीं, सध्यांच्या स्थितींत आपणांस येणें शक्य दिसत नाहीं याची आम्ही नोंद घेतली असून जागा पुढील उमेदवारास दिली आहे. आपल्या भावी वाटचालीस शुभेच्छा. नंतर दूरध्वनि झाले, खुलासे झाले. परंतु गेलेली जागा परत आली नाहीं. मुलाचें एक वर्ष गेलें.

येथें दोष संस्थेचा म्हणावा असें आम्हांस वाटत नाहीं. मुलाचें मूळचें वाक्य अशुद्ध होतें, पण वाचणारानें त्याचा बरोबर अर्थ केला असता. आम्हीं केलेलें वाक्य निर्दोष इंग्रजी होतें, आणि त्याचा अर्थ निराळा होता. तो अर्थ असा : ‘शिष्यवृत्ति मिळेल असें कांहीं मला वाटत नाहीं, पण समजा मिळालीच, तर आलोंहि असतों.’ अशुद्ध वाक्यापेक्षां शुद्ध वाक्यानें अधिक नुकसान केल्याचें दुसरें उदाहरण आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

त्या रात्रीं मातोश्रींनीं विचारलें, “अरे, पण पोरानें लिहिलें होतें तरी काय?”

“शिष्यवृत्ति मिळाली तर येईन, असें.”

“मग त्यांत चुकलें काय?”

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेव्हां देतां आलें नाहीं. मराठींत खरोखरच कांहीं चुकलें नव्हतें. ‘मिळाली’ हें रूप भूतकाळाचें, आणि गोष्ट मात्र पुढें घडावयाची. असें आपण दिवसांतून पन्नास वेळां बोलतों. ‘पाऊस आला तर वाळवणें आंत घ्या’, ‘दूध नासलें तर पनीर करूं’, ‘गाडी चुकली तर फोन कर’. यांत पाऊस आलेला नाहीं, दूध नासलेलें नाहीं, गाडीहि चुकलेली नाहीं. इतकेंच काय, स्वयंपाकघरांतून हांक आली कीं पाटाकडे पाऊलहि न टाकतां आपण ‘आलों, आलों’ म्हणतों! आपल्या भाषेंतील हें ‘ला-ली-लें’चें रूप घड्याळापेक्षां क्रियेच्या पुरेपणाकडे अधिक पाहतें. ती क्रिया पुरी झाली असें धरा, मग पुढचें बोलूं, असा त्याचा भाव आहे. म्हणून ‘तर’च्या आधीं तें सहज बसतें.

इंग्रजींत तीच जागा साधा वर्तमानकाळ घेतो. ‘इफ् इट रेन्स, वुई विल स्टे अ‍ॅट होम.’ पाऊस उद्यांचा, तरी क्रियापद आजचें. आणि जर का तेथें भूतकाळ घातला, ‘इफ् इट रेन्ड’, तर इंग्रजी कानाला तो काल पडलेला पाऊस वाटत नाहीं. पडण्याचा संभव थोडा, असा पाऊस वाटतो. इंग्रजी भूतकाळ या ठिकाणीं काळाचें अंतर दाखवीत नसून खरेपणापासूनचें अंतर दाखवितो. ही एक गोष्ट मनांत पक्की ठसली कीं, त्या भाषेच्या संकेतार्थी वाक्यांचें अर्धें कोडें सुटतें. शाळेंत आम्हांस ती कोणीं सांगितली नाहीं. रूपांचे तक्ते तेवढे पाठ करून घेतले.

ते तक्ते आजहि तसेच आहेत. नव्या पाठ्यपुस्तकांत पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देऊन तीन प्रकार सांगतात. कोणी शून्य क्रमांकाचाहि एक धरतात, म्हणजे ‘पाणी तापविलें तर उकळतें’ यासारखीं त्रिकालाबाधित वाक्यें, ज्यांत दोन्हीकडे वर्तमानकाळच येतो. उरलेले तीन असे. होण्यासारखी गोष्ट : ‘इफ् आय गेट इट, आय विल जॉइन.’ नुसती कल्पना : ‘इफ् आय गॉट इट, आय वुड जॉइन.’ हातची गेलेली गोष्ट : ‘इफ् आय हॅड गॉट इट, आय वुड हॅव जॉइन्ड.’ मुलें हें घडाघडा म्हणून दाखवितात आणि लिहावयास बसलीं कीं चुकतात. याचें कारण तक्त्यांत नाहीं. तें आपल्या मराठींत आहे, आणि तें शोधण्यांत आमचे पुढचे कित्येक महिने मोठ्या आनंदांत गेले.

मराठींत या कामासाठीं मुख्यतः दोनच सांचे आहेत. एक ‘आला तर येईन’ हा, आणि दुसरा ‘आला असता तर आलों असतों’ हा. इंग्रजींत सांचे तीन. साहजिकच मधल्या सांच्याची ओढाताण होते. शाळेंतला नेहमींचा निबंध घ्या : ‘मी पंतप्रधान झालों तर’. हें ‘झालों तर’ म्हणणारा एखादा खरोखरीचा पुढारी असला, तर इंग्रजींत वर्तमानकाळ आला पाहिजे. आणि म्हणणारा सातवींतला विद्यार्थी असला, तर ‘इफ् आय वेअर द प्राइम मिनिस्टर’ म्हटलें पाहिजे. मराठी दोघांनाहि एकाच पंगतींत बसविते. आतां दुसरी बाजू पाहा. ‘माझ्याजवळ पैसे असते तर दिले असते’ असें कोणी म्हणालें, तर ती गोष्ट आजची कीं गेल्या वर्षींची? दोन्ही असूं शकेल. आजची असेल तर इंग्रजींत ‘इफ् आय हॅड मनी, आय वुड गिव्ह इट’, गेल्या वर्षींची असेल तर ‘इफ् आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव गिव्हन इट’. म्हणजे इंग्रजीचा मधला सांचा आपल्या पहिल्याचा कांहीं भाग खातो आणि दुसऱ्याचाहि कांहीं भाग खातो. मराठी वाक्य समोर ठेवून शब्दास शब्द देणारा मनुष्य येथें हटकून फसणार. त्यानें आधीं स्वतःलाच विचारावयास हवें : ही गोष्ट होईल असें मला वाटतें का? नसेल वाटत, तर ती अजून हातची आहे कीं गेली? आमच्या पुतण्याला हा प्रश्न आम्हीं विचारला असता तर—पण तें असो.

दुसऱ्या सांच्याची गोष्ट याहून जुनी आहे. संस्कृत शिकलेल्या वाचकांस लृङ् लकार आठवत असेल. पाणिनीनें अष्टाध्यायींत (३.३.१३९) त्याचा विषय ‘क्रियातिपत्ति’ असा सांगितला आहे, म्हणजे क्रिया घडावयाची ती घडलीच नाहीं, अशी स्थिति. व्याकरणाच्या पाठशाळांतून त्याचें जें उदाहरण परंपरेनें सांगत आले, तें चांगला पाऊस झाला असता तर सुबत्ता झाली असती या अर्थाचें आहे. आमच्या दुष्काळी भागांतील माणसास तें उदाहरण काशीच्या पंडितांनीं आपल्याचसाठीं निवडलें असावें असें वाटतें! त्यांत ध्यानांत घेण्यासारखें हें कीं, अटीच्या आणि फळाच्या दोन्ही वाक्यांत लृङ्चेंच रूप येतें. मराठींतहि तसेंच : इकडे ‘असता’, तिकडे ‘असती’. दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें आणि मोरो केशव दामल्यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ यांबरोबर संकेतार्थ हा क्रियापदाचा एक स्वतंत्र अर्थ आपल्या व्याकरणांत मानलेला आहे, तो याच रूपांसाठीं.

आमच्या वडिलांच्या पिढीस तर याला आणखी एक जोड होती. निलंगा, उदगीर, अहमदपूर हा सारा टापू तेव्हां निजामाच्या राज्यांत, बिदर जिल्ह्यांत होता. १९४८ च्या सप्टेंबरांत तें राज्य भारतांत आलें, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले. लातूर जिल्हा झाला तो पुढें १९८२ सालीं. निजामी अमलांत वरच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू. हैदराबादचें उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं निघालें तेंच मुळीं उर्दू माध्यमाचें. घरांत मराठी, शाळेंत उर्दू, आणि त्यावर इंग्रजी अशी तिपेडी वेणी त्या मुलांची असे. उर्दूंतहि ‘अगर बारिश होती तो फसल अच्छी होती’ असें दोन्हीकडे एकच रूप. घरची भाषा, शाळेची भाषा आणि देवघरांतली भाषा अशा तीन साक्षी एका बाजूला असतां इंग्रजीचें म्हणणें मुलाच्या गळीं कसें उतरावें? वडील अखेरपर्यंत ‘इफ् ही वुड हॅव कम’ असेंच लिहीत. त्यांचें बाकीचें इंग्रजी आमच्यापेक्षां चांगलें होतें.

ही चूक, म्हणजे ‘इफ्’च्या वाक्यांतहि ‘वुड हॅव’ घालणें, ही आपणां मराठी माणसांची सर्वांत मोठी आणि सर्वांत समजण्यासारखी चूक आहे. इंग्रजी तेथें दोन्ही पारडीं सारखीं ठेवीत नाहीं. अटीकडे ‘हॅड’, फळाकडे ‘वुड हॅव’. समाधान एवढेंच कीं, बोलण्याच्या ओघांत खुद्द इंग्रजी मायभाषा असलेले, विशेषतः अमेरिकन लोक, हीच चूक करितात. लेखनांत मात्र ती अद्याप खपत नाहीं.

हें रूप मुलांना कसें शिकवावें याचा विचार करितां करितां आमच्या लक्षांत आलें कीं, घरांत या सांच्याचीं वाक्यें सर्वांत जास्त कोणाच्या तोंडीं येत असतील, तर तीं मातोश्रींच्या. म्हाताऱ्या माणसांचें निम्में बोलणें ‘असतें तर’चें असतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, चार वाजावयास कांहीं मिनिटें असतांना, किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून माणसें गाढ झोंपलीं होतीं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचीं जड माळवदें. हजारों माणसें झोंपेंतच गेलीं. आमच्याहि घराच्या माळवदाची माती त्या पहांटे अंगावर गळली होती; पण किल्लारीच्या पट्ट्यांत दिलेली मातोश्रींची मावसबहीण त्या रात्रींतून उठली नाहीं. तेव्हांपासून मातोश्रींचें एक वाक्य आम्ही ऐकत आलों : “तो दुपारीं झाला असता, तर माणसें शेतांत असतीं, आज आपल्यांत असतीं.”

त्या वाक्याचें इंग्रजी आम्हीं मुलांना करावयास सांगितलें. प्रथम सर्वांनीं ‘इफ् द अर्थक्वेक वुड हॅव कम’ असेंच आरंभिलें. मग ‘हॅड कम’ झालें. परंतु शेवटच्या तुकड्यापाशीं सारीं अडलीं. तक्त्याप्रमाणें ‘वुड हॅव बीन’ पाहिजे. पण आजी म्हणते ‘आज’. आणि खरोखर येथें इंग्रजी आपला तक्ता बाजूला ठेवून ‘दे वुड बी विथ अस टुडे’ असें म्हणतें. अट गेलेल्या काळाची, फळ आजचें. मुलांना तें सांगावें लागलें नाहीं. धाकट्या पुतणीनें आजीकडे पाहिलें आणि आपणच ‘टुडे’ म्हणाली. ‘हॅड’ आणि ‘वुड’ यांमधला फरक त्या दिवशीं त्या मुलांना जितका समजला, तितका दहा तक्त्यांनीं समजला नसता असें आमचें मत आहे.

दुसरें उदाहरण मुलांच्या स्वतःच्या आठवणींतलें. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें होतें. पहिल्या खेपेस दहा वाघिणी होत्या, प्रत्येकींत पन्नास हजार लिटर. ‘मांजरा धरणांत पाणी असतें तर गाडी आली नसती.’ हें वाक्य त्यांनीं विनाचूक केलें.

आतां कांहीं बारीकसारीक, पण रोज नडणाऱ्या गोष्टी. आपण ‘पाऊस पडला कीं पेरूं’ असेंहि म्हणतों आणि ‘पाऊस पडला तर पेरूं’ असेंहि. पहिल्यांत पाऊस येणार ही खात्री, दुसऱ्यांत शंका. इंग्रजींत पहिल्यास ‘व्हेन’ आणि दुसऱ्यास ‘इफ्’. मुलें दोन्हीकडे ‘इफ्’ लिहितात. लग्नपत्रिकेच्या उत्तरांत ‘इफ् युवर डॉटर गेट्स मॅरीड’ असें लिहून एका स्नेह्यानें केवढा घोटाळा केला होता, तो प्रसंग आम्ही येथें सांगत नाहीं. तसेंच, आपला ‘तर’ सुटत नाहीं म्हणून प्रत्येक वाक्यांत ‘देन’ घालण्याची संवय. ती चूक नव्हे, पण इंग्रजी वाक्य त्यानें गणितांतल्या प्रमेयासारखें दिसूं लागतें.

‘इफ्’च्या वाक्यांत ‘विल’ येत नाहीं, हा नियम बहुतेक ठिकाणीं खरा. पण राजीखुषीचा अर्थ असेल तेथें तें येतें. ‘इफ् यू विल वेट अ मोमेंट’ म्हणजे ‘आपण क्षणभर थांबण्याची कृपा कराल तर’. हा अदबीचा प्रयोग आहे, आणि आपल्या ‘कराल तर’शीं त्याचें चांगलें जमतें.

‘अन्‌लेस’ या शब्दाविषयीं मात्र अधिक सावध राहिलें पाहिजे. त्याच्या पोटांतच नकार आहे. आपण ‘तूं आला नाहींस तर’ म्हणतों, म्हणून मुलें ‘अन्‌लेस यू डोन्ट कम’ लिहितात आणि अर्थ उलटा होऊन बसतो. परीक्षेंत याचा एक गुण जातो. व्यवहारांत अधिक जातें. करारनामे, कर्जाचे कागद, विम्याचीं पत्रकें यांतल्या अटी या एका शब्दावर लोंबकळत असतात. पीकविम्यांत नुकसानीची खबर ७२ तासांच्या आंत दिली पाहिजे, या अटीवरून आमच्या भागांत अलीकडच्या वर्षांत किती तरी दावे अडले. ‘अमुक मुदतींत न कळविल्यास दावा ग्राह्य धरला जाणार नाहीं’ हें मराठींत वाचून कळतें. तेंच ‘अन्‌लेस’नें सुरू झालें, तर पदवीधर मुलगाहि वाचतांना अडखळतो आणि घरांतलीं वडील माणसें त्याच्या तोंडाकडे पाहात बसतात. घरांत इंग्रजी जाणणारें एकच माणूस असेल, तर निदान त्याला हा शब्द पक्का यावा.

तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांना मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी करण्याची संवय होती. पुढें रेन आणि मार्टिन यांचें व्याकरण आलें. यांतले रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरीस होते आणि कादंबरीकार म्हणूनहि गाजले. त्यांच्या पुस्तकांत नियम व्यवस्थित आहेत, पण तें मुलाच्या मातृभाषेकडे पाहत नाहीं. पाहण्याचें त्याला कारणहि नव्हतें. आतां तर २००० सालापासून मराठी शाळांतहि पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि वर्गांत मराठी शब्द काढूं नये असें मानणारे शिक्षकहि आहेत. आम्हांस हें पटत नाहीं. शब्दास शब्द असें भाषांतर वाईट, हें आम्ही स्वानुभवानें सांगूं शकतों. पण दोन भाषांचे सांचे शेजारीं शेजारीं मांडून, येथें आपली वाट वळते आणि त्यांची सरळ जाते, एवढें दाखविणारा शिक्षक मुलांचे फार श्रम वांचवितो. आमच्याकडच्या बोलींत ‘तर’चा नुसता ‘त’ होतो. ‘आला असता त’ असें म्हणणाऱ्या मुलाला शुद्ध मराठी आधीं आणि इंग्रजी मग, असा दुहेरी वळसा पडूं नये. त्याचा ‘त’ घेऊनच आरंभ करावा.

पुतण्यानें पुढच्या वर्षीं दुसरीकडे अर्ज केला. त्यांचेंहि तसेंच विचारणारें पत्र आलें. या खेपेस तो शिरूरला नव्हता. उत्तर धाडण्यापूर्वीं त्यानें तें आमच्याकडे पाठविलें, बहुधा आमचें मन राखण्यासाठीं. ‘इफ् आय गेट द स्कॉलरशिप, आय विल जॉइन ऑन द फर्स्ट डे.’ आम्हीं दोनदां वाचलें. ‘ऑन द फर्स्ट डे’ हें थोडें अधिक वाटलें, पण त्यालाहि हात लावला नाहीं.